वेंगुर्ल्याच्या वाइंडिंगवाल्या काकांना थँक्यू, आजीचं मशीन चालू झालं!

काकानू, नमस्कार.

तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वगैरे बघत नाही हे मला माहितीये, पण तुमच्या लेकीने वाचून दाखवायचं कबूल केलंय. आणि असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे तुम्ही माझ्याकडून तारेचे आणि वार्निशचे तेवढे पैसे घेतलेत, मजुरीचा विषय काढला की "माका पैशे नको, च्या पाज" एवढंच. चहाने हे फिटणारं नाहीये काका. निदान चार लोकांना कळू दे तुम्ही काय केलंत ते.

आधी वाचणाऱ्यांसाठी सांगते, काका जळलेल्या मोटरींमधली तार नव्याने गुंडाळून देतात, त्यालाच वाइंडिंग म्हणतात. आता मशीनबद्दल. आमच्या पडवीत वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली एक अमेरिकन कपडे धुवायचं मशीन पडून होतं, मेटॅग कंपनीचं, चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचा टब, मध्ये कपडे घुसळणारा अ‍ॅजिटेटर, आणि टबाच्या कडेला खांबावर उसाच्या चरकासारखे दोन रबरी रोलर, त्यातून कपडा घातला की पाणी पिळून टबात आणि कपडा पलीकडे. अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन म्हणून गाव आहे तिथे ही मशीनं बनायची आणि कंपनीने रोलरवाली मशीनं थेट १९८३ पर्यंत बनवली, म्हणजे ऑटोमॅटिक मशीनं येऊन किती काळ लोटला तरी लोक हीच मागत होते. वेंगुर्ल्यात असलं मशीन आलं कुठून हे बाहेरच्यांना नवल वाटतं, पण इथे अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं, अमेरिकन डॉक्टरांची कुटुंबं इथे राहायची. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि मग भारतातले अमेरिकेचे राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ साली इथेच वेंगुर्ल्यात जन्मले. तर असंच कुणी अमेरिकन माणूस मायदेशी परत जाताना सामान विकत होता त्यातून आजोबांनी हे आजीसाठी घेतलं, बरोबर एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर पण होता, तो पुढे कधीतरी जळला आणि मशीन पडवीत गेलं ते गेलंच.

मला ते चालू करायचं होतं ते शोकेसमध्ये ठेवायला नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळतात कुठे? दोरीवर तीन तीन दिवस ओले, मग कुबट वास, जाड चादरीला तर विचारू नका. पिळायचे चांगले रोलर घरात असताना ते गंजत पडलेत हे मला बघवत नव्हतं. शहरातल्या एका दुकानात फोटो दाखवले तर भंगारात काय भाव येईल ते सांगितलं त्यांनी. आणि मग बागेतल्या पंपाची मोटर घेऊन बाबा तुमच्याकडे आले तेव्हा मी सोबत आले आणि सहज विचारलं, तर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून म्हणालात, "आदी खोलून बघूया, मगे काय ता ठरवूया." त्या एका वाक्यासाठी पण थँक्यू, कारण तोपर्यंत बघूया कुणीच म्हटलं नव्हतं.

आणि घरी येऊन तुम्ही पाना माझ्या हातात दिलात. "तू खोल, म्हंजे परत लावतलंस." मला वाटतं या सगळ्यात तुमचं सगळ्यात मोठं देणं हेच. तुम्ही अर्ध्या वेळात खोललं असतं. पण तुम्ही खुर्चीवर बसून मला प्रत्येक नट कुठला ते पुठ्ठ्यावर चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवायला लावलंत, काढलेलं काहीही फेकायचं नाही, कापायचं नाही, नवीन भोक पाडायचं नाही, उद्या कुणाला हे जसं होतं तसं करायचं असेल तर करता आलं पाहिजे. मी नंतर बऱ्याच ठिकाणी बघितलं, जुन्या वस्तू दुरुस्त करणारे भले भले हा नियम पाळत नाहीत.

टबाखालचे बोल्ट हलेनात तेव्हाचं तर मला कायम लक्षात राहील. अ‍ॅल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट आणि वर आपली खारी हवा, दोन धातू आणि मधे मिठाचं पाणी म्हटलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी होऊन बोल्ट आत घट्ट बसतो. शेजारच्यांनी कॉस्टिक सोडा ओता म्हणून सुचवलं होतं आणि तुम्ही जवळजवळ ओरडलातच, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खातो, टब गेला असता. तुम्ही आधी डिझेल सोडून रात्रभर ठेवायला सांगितलंत, मग ब्लो लॅम्पने बोल्टच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू तापवायचं, बोल्ट नाही, कारण गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं आणि भोक सैल होतं. "मिठान धरलेला आसा, हळूहळू सोडतला." आणि सुटला! एकही बोल्ट तुटला नाही. परत लावताना प्रत्येक बोल्टला बोटीचं ग्रीस आणि मधे फायबरचा वॉशर, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकायलाच नकोत. होड्यांची कामं करणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं.

गिअरबॉक्सचं पटकन सांगते, आत पाणी शिरून ऑइल पांढरट झालेलं, पण गिअर शाबूत होते, ते सगळं धुऊन नवीन जाड ऑइल भरलं. ऑइल सील (ऑइल बाहेर गळू न देणारी रिंग) कंपनीचं मिळणार नाही म्हणून मी रडकुंडीला आले होते तर तुम्ही सांगितलंत की सील नावाने नाही, मापाने मागायचं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि अमेरिकन मशीन म्हणजे मापं इंचात घे. बेअरिंगच्या दुकानात तीन आकडे सांगितले आणि सील हातात. ज्यांच्याकडे असली जुनी मशीनं पडलीयेत त्यांनी हे लिहून ठेवा.

आता मोटर. काकानू इथे मी सविस्तर लिहिणार आहे कारण ही कला आता फार कमी जणांकडे उरलीये. मोटर अमेरिकेची, ११५ व्होल्टची आणि ६० सायकलची (म्हणजे वीज सेकंदाला ६० वेळा आलटून पालटून वाहणारी), आपल्याकडे २३० आणि ५०. सगळे सांगत होते नवीन ट्रान्सफॉर्मर आणून लाव. तुम्ही समजावलंत की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही, ६० ची मोटर ५० वर तशीच ११५ व्होल्टला चालवली तर हळू फिरते आणि जास्त तापते. आणि तसंही वाइंडिंग इतकी वर्षं दमट हवेत राहून गेलेलंच होतं, तुम्ही मेगर (तारेचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजायचं मीटर) लावून मला आकडा दाखवलात. मग तुम्ही नवीन मोटर न घालता तीच मोटर आपल्या विजेसाठी नव्याने भरलीत. जुनं वाइंडिंग कापून न टाकता एक एक कॉइल सोडवत टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजले, तार मायक्रोमीटरने मोजली, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते ते वहीत काढलंत, आणि हिशोब मांडलात की व्होल्टेज दुप्पट आणि सायकल कमी म्हणजे टर्न जुन्याच्या साधारण २.४ पट आणि तार त्या मानाने बारीक, नाहीतर खाचेत मावणारच नाही. मोटर चालती ठेवणारी रनिंग कॉइल, मग तिच्यावर ती सुरू करून देणारी स्टार्टिंग कॉइल, मध्ये कागद, सुतळीने बांधणी. वार्निश दिल्यावर पावसाळी हवेत ते वाळेना म्हणून पत्र्याच्या डब्यात मोठे बल्ब लावून मोटर आत ठेवलीत आणि रात्री जेवून परत दुकानात येऊन बघून गेलात, हे तुमच्या लेकीने सांगितलं, तुम्ही नाही.

आणि तरीही पुलीचा मुद्दा राहिला होता तो मला सुचलाच नसता. ६० सायकलवर असली मोटर मिनिटाला १७२५ च्या आसपास फिरते, इथे १४४० च्या आसपास, म्हणजे अ‍ॅजिटेटर आणि रोलर दोन्ही मंद होणार. तुम्ही लेथवाल्याकडून मोटरची पुली साधारण एक पंचमांश मोठी करून घेतलीत आणि वेग जिथल्या तिथे आला. जुनी पुली पिशवीत घालून, त्यावर जुन्या वाइंडिंगचे आकडे लिहिलेला कागद चिकटवून, मशीनच्या आतल्या बाजूला बांधून ठेवलीत. मूळ कुणी केलं होतं त्या माणसाचा केवढा मान ठेवलात तुम्ही.

रोलरचं रबर दगड झालं होतं आणि एका बाजूला चपटं, कारण कुणीतरी दाबाचा स्क्रू न सोडताच मशीन ठेवून दिलं होतं. (असं मशीन असेल तर आज जाऊन तो स्क्रू सैल करा प्लीज, रोलर एकमेकांना टेकलेले ठेवायचेच नाहीत.) तुम्ही म्हणालात इचलकरंजीला जा, कापड प्रोसेसिंगवाल्यांकडे रबर चढवलेले रोलच असतात, त्यांना रबर चढवून देणारे तिथे असणारच. आंबोली घाट चढून गेलो आणि खरंच मिळाले, त्यांना आमचे रोलर म्हणजे खेळणं वाटलं पण काम मनापासून केलं. रबर थोडं मऊच घे, बटणं फुटणार नाहीत, ही तुमची सूचना सुद्धा बरोबर निघाली.

आणि अर्थिंग. तेव्हा मला तुमचा राग आला होता, सगळं जोडून तयार आणि तुम्ही प्लग लावू देईनात. जुन्या वायरीला दोनच पिना, सगळं मशीन धातूचं, खाली ओली फरशी, हात पाण्यात. जांभ्यात खड्डा मारून कोळसा मीठ भरून अर्थिंगची पट्टी टाकली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला, उन्हाळ्यात खड्डा सुकतो तेव्हा पाणी ओतायचं हे भिंतीवर लिहून घेतलंत, मगच स्विच. आणि चालू झाल्यावर पण कपडा आधी नाही! आधी मला रोलर झटकन सैल करणारा सुटका दांडा मारायची प्रॅक्टिस, डोळे मिटून हात तिथे गेला पाहिजे इतकी. बांगड्या काढ, केस बांध, पदर खोच, घरातली पोरं अंगणात पाठव. मी नंतर वाचलं की या रोलरमध्ये मुलांचे हात जाऊन इतक्या दुखापती व्हायच्या की अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९३८ मध्येच त्या इजेला वेगळं नाव देऊन त्यावर लिहिलं होतं. तुम्हाला ते कुणी सांगायला लागलं नव्हतं, आयुष्यभर फिरणाऱ्या पट्ट्यांजवळ काम केलंय तुम्ही.

त्या दिवशी तुम्ही लवकर गेलात म्हणून एक गोष्ट बघायची राहिली. आईने लग्न होऊन आल्यावर थोडे दिवस हे मशीन वापरलं होतं. ती काही न बोलता पुढे आली, बाबांचा शर्ट उचलला, बटणं आतल्या बाजूला दुमडली, बाही सरळ केली आणि रोलरला दिला, आणि शर्ट पलीकडे सपाट, जवळजवळ इस्त्री केल्यासारखा. मग ती थांबेचना, आधी पांढरे, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आजी असंच करायची म्हणाली, विहिरीचं पाणी वाचतं. मे महिन्यात विहीर तळाला जाते तेव्हा आम्हाला याचा केवढा उपयोग होणार आहे!

काकानू, आता एक मागणं आहे. तुमच्या त्या वह्या, ज्यात पंप, होड्यांचे डायनामो, बर्फाच्या फॅक्टरीच्या मोटरी, सगळ्यांचे टर्न आणि गेज (तारेची जाडी) लिहिलेत, काही पानं वाळवीने धरलीत ती मी बघितली. मला त्यांचे नीट फोटो काढू द्या. मी दुकानात बसूनच काढीन, वह्या बाहेर नेणार नाही, आणि तुमचं अक्षर लागलं नाही की विचारीन. चतुर्थी झाली की पावसाचा जोर कमी होतो आणि पंपवाले अजून यायला लागलेले नसतात, तेव्हा तुम्हाला वेळ असतो असं लेक म्हणाली. चतुर्थीला काकींना घेऊन घरी या, तेव्हाच दिवस ठरवू.

तुमची,
पडवीतल्या मशीनवाली बाय