सूडपटातली कुऱ्हाड आणि खरा पंचनामा

माननीय संपादक,
स.न.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात बापाचा खून होतो, पोरगा तिथे पडलेली कुऱ्हाड उचलतो आणि थेटरात शिट्ट्या पडतात. खटला मात्र तिथेच अर्धा मेलेला असतो. दांड्यावरचे ठसे बिघडले, बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळाला.

खरा न्याय पहिल्या काही तासांतच बनतो किंवा बिघडतो. रक्ताने भिजलेलं धोतर ओलंच प्लास्टिकच्या थैलीत कोंबलं तर बुरशी येते, नमुना वाया जातो. ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचं, मग सील करायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. कलम १७३ नुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकारी आहेत. पडद्यावरच्या नायकाला हे कोणीच सांगत नाही!

पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या पंचांचं तर विचारूच नका. तेही त्याच गावचे, आरोपीच्याच वावरात कापूस वेचायला जाणारे. काही वर्षांनी साक्षीला उभे राहिले की ‘सही माझी, पण कागद कोरा होता’ म्हणून मोकळे. खरी मारामारी इथं आहे. त्यावर कोणी सिनेमा काढला तर तिकीट काढून बघू.

एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती