माहुलीच्या पुलाची गोष्ट

सातारा
शनिवार, रात्री

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

फोनवर "मजेत आहे बाबा" म्हणालीस, पण तवंदी घाट उतरल्याचं सांगताना आवाजात जीव नव्हता. कन्याकुमारीहून सायकलने निघालात तेव्हा वाटेतल्या इडलीपासून भेटलेल्या माणसांपर्यंत सगळं सांगायचीस. आज नुसतं हो-नाही. आईने लगेच ओळखलं. म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय. कोल्हापुरात झोपण्याआधी वाच.

१९९१ साली आम्ही चौघं मित्र सायकलने पंढरपूरला गेलो होतो, ते तुला माहीत आहे. परतीचं मात्र मी कधी पूर्ण सांगितलं नाही. म्हसवड, दहिवडी करत पुसेगावला आलो तेव्हाच माझे डोळे मिटत होते. बाकीचे गप्पा मारत चालले होते, थांबू या म्हणायची मला लाज वाटली. कोरेगावही गेलं. माहुलीच्या पुलाकडे उतरताना कृष्णा दिसली, आलंच आता घर म्हणून मन सैल सुटलं, आणि तिथंच डोळा लागला. माझं खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. पण मागून येणारा मित्र माझ्यावर आदळला आणि त्याचं मनगट कायमचं वाकडं राहिलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्या पुलावरून जाताना मला अजून ते मनगट दिसतं.

म्हणून उद्या दमलीस तर दमले म्हण. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण. वारा कमी लागावा म्हणून तुम्ही एकामागे एक चिकटून चालवता. अंगात दम असतो तेव्हा ते ठीक, पण दमल्यावर ब्रेक दाबायला उशीर होतो. उद्या मधलं अंतर वाढवा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक नेऊ नकोस, टेकलं की मागचाच पडतो. त्यात कागलपासून इकडे सहापदरीकरणाचं काम, जागोजागी वळवलेला रस्ता, खडी, शिवाय उसाच्या ट्रॉल्या.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय म्हणालीस. हँडलवर तळहाताची कड दाबून राहिली की तिथली नस दबते. पकड बदलत राहा, हात झटक, पण थांबून.

आणि भुकेची वाट बघू नकोस. जोरात चालवलं की स्नायूंतली साठवलेली साखर दोनेक तासांत संपत येते. मग पाय उचलत नाहीत आणि माणसांचा राग यायला लागतो. परवा तू ग्रुपवर चिडलीस तो राग मला पोटातलाच वाटतो. अर्ध्या-पाऊण तासाला केळं, चिक्की, काहीतरी तोंडात टाक. नुसतं पाणीच पीत राहू नकोस, त्यात मीठ-साखर घाल.

कराडला प्रीतिसंगमावर तासभर आडवे व्हा. तिथून सातारा पन्नासेक किलोमीटर. तेव्हाही डोळे जड असतील तर सायकल टेम्पोत टाक आणि बस. जवळजवळ १,४०० किलोमीटर पायांनी आलेल्या पोरीला मी पन्नासाचा हिशेब मागणार नाही, आणि दुसऱ्या कुणी मागितला तर त्याच्याशी मी बोलेन.

मी साताऱ्याच्या अलीकडे शेंद्र्याच्या फाट्यावर थांबतोय. किती वाजता पोचाल ते कळवू नकोस, नाहीतर घड्याळ बघून चालवशील. मी सकाळीच डबा आणि चटई घेऊन निघणार आहे, रात्र झाली तरी तिथंच असेन.

तुझे बाबा