मामा, आंबा घाटात आता आईला गाडी लागत नाही

मामा,

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही हात पुसता, चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. गाडी वळणात घट्ट चालावी म्हणजे ती खाली बसवली पाहिजे, असं समजून माझ्यासारखे कितीतरी जण पैसे घेऊन दुकानात जातात. त्यांच्यातल्या एखाद्यापर्यंत तरी तुमचं म्हणणं पोचावं.

दिवाळीनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या गॅरेजवर आलो तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. २०१४ची पोलो, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. दर महिन्याला कोल्हापूर ते देवरूख. मलकापूर सोडलं की आंबा घाट, उतरलं की साखरपा. एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना गाडी अंग टाकायची आणि सावरेपर्यंत तिसरं वळण आलेलं असायचं. मागे आई डोळे मिटून, हातात पिशवी धरून बसायची. साखरपा येईपर्यंत तिला दोनदा तरी उलटी व्हायची. शेवटी ती म्हणाली, "मी आता यष्टीनंच येते." ते मला फार लागलं होतं.

एका दुकानात मला सांगितलं होतं की स्प्रिंगचा दीड वेढा कापू, गाडी दोन इंच खाली बसेल, मग हलायचं नाव नाही. मी आगाऊ पैसेही देऊन आलो होतो. तुमच्याकडे फक्त दुसरं मत घ्यायला थांबलो.

तुम्ही काही न बोलता गाडी वर घेतलीत आणि पहार लावून एकेक सांधा हलवून दाखवलात. चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, म्हणजे लोअर आर्मचे, रबरी बुश फाटलेले, दोन्ही लिंक रॉड खुळखुळे झालेले, शॉकअपचं वरचं रबरी माउंटिंग दबलेलं. "आदी हिचं दुखणं काढूया," तुम्ही म्हणालात, "मग तालमीला लावू."

त्या दिवशी तुम्ही मला स्प्रिंग-शॉकअपचा महागडा संच विकू शकला असता. मी घ्यायलाच आलो होतो. त्याऐवजी तुम्ही रबराचे बुश, रॉड आणि माउंटिंग बदललंत आणि पंधरा दिवस चालवून या म्हणालात. एक गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गाडी जॅकवर असताना तुम्ही बुशचे बोल्ट पूर्ण आवळले नाहीत. गाडी चाकांवर उभी केलीत, चारदा दाबून बसवलीत आणि मग खाली जाऊन टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळलेत. हवेत लोंबकळत्या चाकावर आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे तुम्ही हाताखालच्या पोराला समजावत होता, मी शेजारी उभा होतो. त्या पंधरा दिवसांतच गाडीचा निम्मा झोल गेला होता.

मग आली खडूची आकृती. गॅरेजच्या फरशीवर तुम्ही चाक, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा उभा खांब) आणि खालचा आर्म काढलात. गाडी फार खाली आणली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू त्यामुळे गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षाही जास्त खाली सरकतो. म्हणजे या दोन बिंदूंमधलं अंतर, कलंडवणारा दांडा, लांब होतो आणि खाली बसवलेली गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते. वर शॉकअपची चाल कमी झालेली, त्यामुळे खड्ड्यात ती सरळ रबरी ठोकळ्यावर आपटते. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळताना जागेवर सैल होऊ शकते, ते वेगळंच. गाडी खाली म्हणजे चांगली, हे माझ्या डोक्यात किती वर्षं बसलं होतं! ते खडूच्या चार रेघांनी गेलं.

स्प्रिंगचा हिशेबही तुम्ही जाडी मोजायचा व्हर्नियर हातात देऊन शिकवलात. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरची तार १२.५ केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग सुमारे १८ टक्के कडक होते. अर्धा मिलिमीटर फक्त! आणि तेवढ्याच लांबीची कडक स्प्रिंग बसवली तर ती कमी दबते, गाडी उलट वर उचलली जाते. म्हणून कडक स्प्रिंगची मोकळी लांबी थोडी कमी ठेवावी लागते. बाजारातले बरेच तयार संच गाडी ३० ते ४० मिलिमीटर खाली आणतात. आमच्या घराकडचा शेवटचा अर्धा किलोमीटर जांभ्याचा आहे आणि वाटेत गतिरोधक आहेत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायचा. आमच्याकडे उंची तेवढीच, रुंदी मात्र हातभर. हे सगळं तुम्ही आधी विचारून घेतलंत, मगच स्प्रिंग निवडलीत.

तरीही पहिला मान तुम्ही शॉकअपला दिलात. गाडी किती झुकणार ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा, झुकणं रोखणारा दांडा) ठरवतात, पण किती झपाट्याने झुकणार आणि किती लवकर थांबणार ते शॉकअप ठरवतो. आंबा घाटासारख्या लागोपाठच्या वळणांत तेच महत्त्वाचं. मूळ लांबीचे, एकाच नळीचे गॅस शॉकअप तुम्ही घ्यायला लावलेत. त्यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर तापून तेलाला फेस येत नाही. आखूड शॉकअप फक्त खाली बसवलेल्या गाडीसाठी, हेही बजावलंत. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, म्हणून पुढचं टोक जास्त कडक करू दिलं नाहीत. नाहीतर वळणात ती बाहेरच धावली असती.

काम झाल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरलीत. पुढे १२ मिलिमीटर खाली, मागे १०. बाहेरून कुणाला कळतसुद्धा नाही. मग चाकांची अलाइनमेंट, हवा, आणि विमा कंपनीला कळवून ठेव ही सूचना.

आता मुख्य बातमी. गेल्या रविवारी आईला यष्टीने येऊ दिलं नाही. घाट सुरू झाला तशी ती सवयीने डोळे मिटून बसली. चार-पाच वळणांनंतर उघडले. मग खिडकीची काच खाली केली आणि दरीकडे बघत म्हणाली, "अरे, करवंदांच्या जाळ्या केवढ्या माजल्यात." पिशवी घडी करून तिने पर्समध्ये टाकली. मी आरशातून बघत होतो, मला बोलायला सुचेना. खड्डे आता थोडे जाणवतात, ते मी तिला आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, धक्का बसलेला चालतो रे, ते डुलणं नको.

मामा, तुम्ही मला कारागिरी दिलीत, पण त्याआधी माझे आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील पण स्प्रिंग कापू नकोस, असं तोंडावर सांगितलंत. ते कुणी सांगत नाही. मनापासून आभार.

हजार किलोमीटर होत आलेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोल्ट पुन्हा तपासायला शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतो. आईने तुमच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणि फणसपोळी दिली आहे. त्या दिवशी चहा मी सांगणार.

तुमचा,
देवरूखचा पोलोवाला