रेडिओवरचा दुसरा ठिपका

तपकीर गल्लीतल्या रिपेअरवाल्या काकांस,
सा. न.

मागच्या शुक्रवारी भर दुपारी लाल रेडिओ घेऊन घामाघूम होऊन आलेला माणूस म्हणजे मी. मी लक्षात नसेन, रेडिओ असेल.

तुमच्याकडे येण्याआधी तीन आठवडे तो पिशवीत घालून हिंडत होतो. घराजवळच्या दुकानदाराने हातात न घेताच 'असले आता कोण वापरतं?' म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने दोन दिवस ठेवून घेतला, 'बोर्ड गेलाय' म्हणाला, आणि परत दिला तेव्हा मागचे दोन स्क्रू गायब. टोकन देऊन तासभर बसवणाऱ्या सर्व्हिस सेंटरने तर नव्या स्पीकरचं पत्रकच हातात ठेवलं.

बोर्ड कसला गेला होता! मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूने जाते. काचबिंदूने आईची नजर जवळजवळ गेलीय, ती रोज रात्री चाचपडत पिन कोंबायची. तुम्ही भिंगातून एकदा बघितलंत आणि विचारलंत, "चार्जिंगला कोण लावतं?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात. "टाइप-सी टाकतो. कशीही घालू दे त्यांना." एवढंच.

त्या रेडिओच्या ट्युनिंगच्या चाकावर मी नेलपॉलिशचा जाड ठिपका दिलाय. तो अंगठ्याला लागला की आकाशवाणी पुणे. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या लागल्याशिवाय आई चहाचा कप तोंडाला लावत नाही. (बातम्या बंद होत्या तेव्हा चहा गार व्हायचा आणि बोलणी मला बसायची.) तुम्ही रेडिओ पुसून दिलात, कडांना साचलेलं तेलकट कीटसुद्धा निघालं, पण ठिपका तेवढा जागच्या जागी ठेवलात. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं.

घरी आईने रेडिओ हातात घेतला, सगळीकडून चाचपला आणि म्हणाली, "हा दुसरा कशाला रे दिलास?"

"दुसरा कुठला?"

तिने माझं बोट धरून नव्या पोर्टच्या वर टेकवलं. मुगाएवढा, पारदर्शक गमाचा टिपका. मला तो दिसलाच नव्हता. तिला पहिल्या फेरीत सापडला.

काका, याबद्दल तुम्ही अवाक्षर बोलला नाहीत. पैसे घेतलेत ते ठरलेले दीडशेच. आपल्याकडे दोन वह्या वाटल्या तरी चौकात फ्लेक्स लागतो हो, हात जोडलेल्या फोटोसकट. आणि तुम्ही एका न बघितलेल्या म्हातारीच्या बोटाचा विचार करून गमाचा थेंब टाकता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. अशी माणसं त्या गल्लीत अजून किती बसली असतील, कोण जाणे. पाट्यांवर तर काही लिहिलेलं नसतं.

आईने तुमच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून ठेवलीय. उपासाचं आहे, बिनतेलाचं. बुधवारी आणून देतो, नको म्हणू नका.

आपला,
लाल रेडिओवाला