राजू, घर स्मितावरून निवड

मेलबर्न, १२ एप्रिल

प्रिय राजू,

अनेक आशीर्वाद. आईला नमस्कार सांग आणि हे पत्र तिला वाचून दाखव, पण वडगावचा भाग येईल तेव्हा जरा हळू वाच.

परवा फोनवर तू म्हणालास, अक्का, नोकरीसाठी आता परत बेळगावात जायचंय, कुठं राहायचं ते तूच सांग, मी दहावीनंतर पुण्याला गेलो ते गेलो, मला आता वडगाव आणि बसस्टँड सोडून काही आठवत नाही. मी पटकन टिळकवाडी म्हणाले आणि फोन ठेवला. पण नंतर रात्रभर तेच डोक्यात, कारण जागा निवडताना आम्ही इथं जी चूक केली ती तू करू नयेस असं फार मनापासून वाटतंय. म्हणून लिहायलाच बसले. लांबेल, पण वाच की सगळं.

आम्ही २०१६ ला इथं मेलबर्नला आलो तेव्हा टार्नीटला, म्हणजे शहराबाहेरच्या एका उपनगरात, घर घेतलं भाड्यानं. तुझ्या दाजींचं ऑफिस मुख्य शहरात, डॉकलँड्सला, टार्नीटचं स्टेशन वर्षभरापूर्वीच नवीन झालेलं, तिथून ट्रेन थेट ऑफिसजवळच्या सदर्न क्रॉस स्टेशनला, म्हणजे यांचा प्रश्न सुटला. घर नवंकोरं, चार खोल्या, मागं अंगण, भाडं पण जमणारं (इथं भाडं महिन्याचं नाही आठवड्याचं सांगतात, पहिल्यांदा ऐकलं की स्वस्त वाटतं). घर बघायला शनिवारी पंधरा मिनिटं मिळाली, बाहेर वीस-पंचवीस माणसं लायनीत, त्या पंधरा मिनिटांत मी काय बघितलं तर ओट्याची उंची आणि कपाटं. रस्त्यावर कुणी चालत जातंय काय, दुकान किती लांब, बस किती वेळानं, काहीच बघितलं नाही.

ओवी तेव्हा आठ महिन्यांची. हे सकाळी सातला गाडी घेऊन स्टेशनला जायचे, ती गाडी संध्याकाळपर्यंत तिथंच पार्किंगला, आणि तशीही मला चालवता येत नव्हती. दूध आणायचं तर प्रॅम ढकलत अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. एकदा तिला ताप होता म्हणून दवाखान्यात निघाले तर बस डोळ्यासमोर निघून गेली, पुढची पाऊण तासानं. त्या स्टॉपला नुसता एक खांब, बसायला बाक नाही, मागं रिकाम्या प्लॉटमधलं पिवळं गवत आणि असला वारा की प्रॅमचं छत उलटं व्हायचं. मी तिला ओढणीत गुंडाळून छातीशी धरून उभी, तिचा श्वास गळ्यापाशी गरम लागत होता, आणि त्या अख्ख्या पाऊण तासात रस्त्यानं चालणारं एक माणूस दिसलं नाही, नुसत्या गाड्या. त्या रात्री आईचा फोन आला तर मी म्हटलं, सगळं छान आहे. आई, तुला हे आज पहिल्यांदा सांगतेय.

टार्नीट वाईट नाही हं, आपली कितीतरी माणसं तिथं घरं घेऊन सुखात आहेत. पण ज्या घरात दोन गाड्या आहेत आणि दोघंही चालवतात त्यांचं ते ठिकाण. आम्ही जागा निवडली ती जो माणूस दिवसभर घरात नसतो त्याच्या सोयीनं. मला एवढंच सांगायचंय राजू, जो त्या जागेत दिवसभर असणार आहे त्याच्यावरून जागा निवड. तुझ्या घरात ती स्मिता आहे, आणि आई आहे.

दोन वर्षांनी आम्ही क्लेटनला, दुसऱ्या एका उपनगरात, आलो. घर जुनं, खोल्या दोन, भाडं जास्त, किचनमधली फरशी तडकलेली. यांना ट्रेनमध्ये आधीपेक्षा वेळ जास्त लागायला लागला. पण दारातून निघालं की सात मिनिटांत क्लेटन रोड, तिथं भाजी, डाळी-पीठं, लायब्ररी, मोठं हॉस्पिटल पण जवळच. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या बाईनं ओवीला केळं दिलं, आणि मी घरी येऊन रडले. इथं सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली असते, ते पण आम्ही या वेळी आधी बघितलं. आम्ही आलो त्याच वर्षी, २०१८ ला, क्लेटन रोडवरचं रेल्वे फाटक निघालं, अख्खे रूळच उचलून वर पुलावर नेले. त्या आधी तिथल्या लोकांचा किती वेळ फाटकात जायचा ते ऐकलं आणि मला बाबांची सायकल आठवली. वडगावातून उद्यमबागेला फौंड्रीत जायचे, फाटक पडलं की मालगाडी जाईपर्यंत एक पाय जमिनीवर टेकून उभे, डबा हँडलला. बेळगावात घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, फाटकाच्या अलीकडे की पलीकडे. आता काही ठिकाणी पूल झालेत, पण शाळा सुटायची आणि कारखान्यांची शिफ्ट सुटायची वेळ एक झाली की काय होतं ते एकदा स्वतः गाडी चालवून बघ.

आता तुझ्या साहेबांनी दाखवलेला रामतीर्थनगरचा फ्लॅट. मोठा आहे, रस्ते रुंद आहेत, मान्य. पण तुझी कंपनी उद्यमबागेत, म्हणजे गावाच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला काम. तुझं एकवेळ चालेल, तू गाडीत बसून जाशील. स्मिता सातारची, तिला कन्नडचा एक शब्द येत नाही, तिथं शेजारी कोण आहेत, शाळेची व्हॅन येते काय, चालत जाऊन कोथिंबीर मिळते काय, हे विचारलंस? नसेल तर विचार. हिंडलगा-गणेशपूरकडची हवा मात्र फार चांगली, कॅम्पातली ती मोठी झाडं बघूनच बरं वाटतं, पण तेही तुला लांबच.

आणि वडगाव. आई मला फोनवर दोनदा म्हणाली, वडगावातच खोल्या बघा. मला कळतं तिला काय पाहिजे ते. तिला मागाचा आवाज पाहिजे. आपण लहान असताना शेजारचे माग दिवसभर खट-खट चालायचे आणि लाईट गेली की अचानक सगळी गल्ली गप्प व्हायची, मग बायका उंबऱ्यावर येऊन बसायच्या. आषाढात मंगाई देवीच्या जत्रेला घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळे पाहुणे. तिथं आईला हाक मारणाऱ्या अजून दहा बायका आहेत, आणि माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे, हिला कमी समजू नकोस. पण आपलं घर विकून कितीतरी वर्षं झाली, तिचे गुडघे आता असे, त्या बोळांत तुझी कार जायची नाही, आणि बळ्ळारी नाल्याच्या बाजूला कुणी स्वस्तात घर दाखवलं तर अजिबात घेऊ नको. तो नाला पावसाळ्यात कसा फुगतो ते तुला माहीत आहे, येळ्ळूर रोडकडची भातशेतं कितीदा पाण्याखाली जातात. माझं ऐकशील तर आईसाठी वडगाव रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत येईल अशा जागी राहा, म्हणजे मंगळवारी-शुक्रवारी देवीला जाऊन काकूकडं दुपार काढून येईल.

म्हणून मी टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर म्हणतेय. भाडं जास्त आहे हे मला पण कळलंय. बजेट बसत नसेल तर अनगोळच्या बाजूला सरक, तिथून उद्यमबाग तुला आणखी जवळ. पण त्या पट्ट्यात स्मिताला सगळं पायी मिळेल. शाळा, दवाखाना, भाजी, पिठाची गिरणी. संध्याकाळी पोरांना लेले ग्राउंडवर सोडता येईल, आईला सकाळी व्हॅक्सिन डेपोत झाडांखाली फिरता येईल. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन टिळकवाडीतच झालं, गांधीजी एकदाच अध्यक्ष झाले ते त्याच अधिवेशनात. त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर चिन्मयला नक्की दाखव, इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट घराजवळ आहे म्हटल्यावर पोराचे डोळे बघ कसे होतात.

आणि तिथं मराठी, कन्नड, कोकणी सगळी माणसं एका जिन्यात राहतात. हे मला पाहिजेच आहे. बेळगाव महाराष्ट्रात आलं नाही म्हणून एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळणाऱ्या घरातली आपण माणसं, बाबा सायकल फेरीला जायचे, ते मी विसरलेली नाही आणि मराठीसाठी माझं काळीज आजही तेवढंच तुटतं. पण पोरांना कन्नड आलंच पाहिजे. शाळेत तर शिकावंच लागणार, तिथला कायदाच आहे, पण शाळेतलं कन्नड वेगळं आणि खेळताना शेजारच्या पोराकडून येणारं वेगळं. आपल्याला ते वडगावात शेजारच्या घरातून आलं, कुणी शिकवलं नाही. स्मिताला सांग, बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, सुरुवातीला घाबरायला होईल. मला इथं माणसांचं बोलणं कळत नव्हतं तसंच. आठवडाभर फक्त आपल्या स्टॉपचं नाव आणि कन्नड आकडे ओळखायला शिक म्हणावं, बाकी भाजीवाल्या मावश्या दोन्ही भाषा बोलतात, त्याच शिकवतील.

शाळेचं मात्र लगेच बघ, कारण कर्नाटकात शाळा मेअखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीलाच भरते, पुण्यासारखी पंधरा जूनची वाट बघत बसशील तर पोरांचे पहिले दोन आठवडे बुडतील. मोठी सुट्टी तिथं दसऱ्याला असते, दिवाळीला थोडीच. स्मिताला दिवाळीत साताऱ्याला माहेरी जायची सवय आहे, तिला हे आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी कळलं तर फार वाईट वाटतं. आणि तुझी गाडी एमएचची, वर्षाच्या आत तिथला टॅक्स भरून बेळगावचा केए-२२ नंबर करून घे.

विकत काही घेऊ नको आत्ता. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट कर आणि एक पावसाळा काढ. बेळगावचा जुलै भिंतीला काय करतो ते जुलैतच कळतं, एप्रिलमध्ये सगळीच घरं कोरडी असतात. त्यामुळं आत्ता बघशील तेव्हा कपाटामागच्या भिंतीला हात लावून बघ, रंग नवा असेल तर जास्तच बघ. नळाला पाणी किती वाजता येतं ते मालकाला नको, वरच्या मजल्यावरच्या बाईला विचार. काही भागात चोवीस तास पाणी आहे, काही भागात अजून रोज येत नाही म्हणून भरून ठेवतात, आणि ते भरणार कोण, स्मिताच. आवारात विहीर असेल तर सोन्याहून चांगलं. पुढं प्लॉट घ्यायचा झालाच तर एनए (बिगरशेती) आणि बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नको, कुणी कितीही जवळचा माणूस असला तरी.

आता एक कर. येत्या शनिवारी तू एकटा जाणार होतास ना घरं बघायला, तसं करू नको. स्मिता आणि आईला घेऊन जा. सकाळी नको, दुपारी चारला जा. घर आतून दहा मिनिटं बघ, मग तू गाडीतच बस आणि त्या दोघींना चालत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दूध आणायला सांग. किती वेळ लागला, वाटेत आईला टेकायला कट्टा मिळाला काय, कुणी बोललं काय, ते स्मितालाच विचार आणि ती जे म्हणेल तेच घर घे.

मी रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. तुला नाही, स्मिताला.

तुझी,
अक्का