‘गो ऑफ’ म्हणजे सुटणं

लीड्स,
६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी इथे खुशाल आहे. बाबा म्हणाले, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, चार ओळी कागदावर लिही. म्हणून आज सुट्टी बघून बसले. तब्येत उत्तम आहे, जाड जाकीट घेतलंय, खोलीत हीटर आहे. इथली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे गेली, तेव्हा आता आपल्यात साडेपाच तासांचं अंतर आहे. आई, तू रात्री साडेनऊला फोन करतेस तेव्हा इथे दुपारचे चार वाजलेले असतात आणि मी ड्यूटीवर असते. म्हणून उचलत नाही, दुसरं काही कारण नसतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, परीक्षेत बी ग्रेड मिळाली मग आता इंग्रजीची अडचण कसली? डॉक्टरांचं इंग्रजी कळतं मला. मिरजेत शिकलेलं सगळं इथे जसंच्या तसं चालतं. गाडी अडते ती अगदी बारक्या शब्दांपाशी. गो, पुट, गेट, टर्न यांच्यापुढे ही माणसं अप, ऑफ, ऑन, आउट लावतात आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. त्यातल्या एकट्या ‘गो ऑफ’पायी माझी एक आख्खी रात्र गेली. हे मी फोनवर बोलले नव्हते. आता सांगते, कारण सगळं ठीक झालंय.

वॉर्डात माझा पहिलाच महिना होता. रात्रपाळीत चार नंबरच्या आजी फार तळमळत होत्या. बाराच्या सुमारास आमच्या मदतनीस बाई येऊन म्हणाल्या, ‘शी हॅज गॉन ऑफ ॲट लास्ट.’ जाऊन बघितलं तर आजींना गाढ झोप लागलेली. मी मनात नोंद केली, गॉन ऑफ म्हणजे झोपणं. तासाभराने त्याच बाई घाईघाईने जाता जाता म्हणाल्या, ‘सेव्हन्स गॉन ऑफ अ बिट.’ मला वाटलं, चला, सातचे आजोबाही झोपले. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी पाय न वाजवता गेले, त्यांच्या उशाचा दिवा मालवला आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

दहाएक मिनिटांनी तपासणीचं मशीन घेऊन परत आले. आजोबांचा श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९०, नाडी ११८. इथे श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. सात किंवा जास्त झाले की तातडीने डॉक्टर बोलवायचे. त्यांचे आठ झाले होते. मी २२२२ फिरवला, तो इथला हॉस्पिटलातल्या हॉस्पिटलात मदत बोलावण्याचा नंबर. दोन मिनिटांत डॉक्टर धावत आले. वॉर्डातल्या बोलीत माणूस ‘गॉन ऑफ’ म्हणजे त्याची तब्येत बिघडत चाललीय, हे मला तेव्हा कळलं. आजोबा त्यातून बरे झाले आणि दोन आठवड्यांनी घरीही गेले. मला कुणी रागावलं नाही. मुख्य सिस्टरांनी उलट त्या बाईंनाच सांगितलं, नव्या मुलींशी असं तुटक बोलू नका. पण तो मालवलेला दिवा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवसापासून मी एक वही केली. ‘गो ऑफ’ जिथे ऐकेन तिथे लिहायचं. सकाळी फ्रिज उघडून शेजारची मुलगी म्हणते, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, म्हणजे दूध नासलं. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’, म्हणजे कॉफीवरचं मन उडालं. ‘शी वेंट ऑफ सिक’, म्हणजे आजारपणाची रजा टाकून गेली. ‘द लाइट्स वेंट ऑफ’, म्हणजे लाइट गेले. आणि ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे? गजर बंद झाला असं वाटेल ना? तसं नाही, गजर वाजायला लागला! एकच शब्द, दिवा त्याने बंद होतो आणि घंटा सुरू होते. ही गोष्ट माझ्या डोक्यात काही केल्या बसेना.

घंटेचा तर मी अनुभवच घेतला. आई, तुझ्या पद्धतीने ठेचा करायला घेतला होता. तव्यावर मिरच्या भाजल्या, लसूण टाकला, वर शेंगदाणे, आणि छतावरची धुराची घंटा ठणाणा सुरू झाली. इमारतीतली सगळी माणसं नियमाप्रमाणे खाली, अंगणात, कुणी पायात सपाता घालून, कुणी ओल्या केसांनी. कुणी काही बोललं नाही, एकीने तर विचारलं, वास कसला छान येतोय. आता भाजणीची कामं मी खिडकी उघडून, दार लावून करते. तेव्हा त्याची काळजी नको.

काल इथे फटाक्यांची रात्र होती. १६०५ साली काही लोकांनी पार्लमेंट उडवायला तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं भरली होती. राखणीला बसलेला गाय फॉक्स ५ नोव्हेंबरच्या पहाटेआधीच पकडला गेला. तो आमच्या जवळच्या यॉर्कचा. दारू ‘नेव्हर वेंट ऑफ’, पेटलीच नाही, म्हणून त्या तारखेला अजून होळ्या पेटवतात आणि फटाके उडवतात. ते फटाकेसुद्धा ‘गो ऑफ’च होतात. खिडकीशी पडून ऐकत होते. वास अगदी आपल्या दिवाळीचा. पाडव्याला बाबा अंगणात सुतळी बॉम्ब लावायचे आणि चिमी माझ्या पदराआड कान दाबून उभी राहायची, ते आठवलं.

आणि बाबा, तुमचा तास आठवला. तुम्ही फळ्यावर एक क्रियापद लिहायचात आणि प्रत्येकाला एक वाक्य करायला लावायचात. ‘सुटणे’ लिहिलं होतंत तेव्हा फळा पुरला नव्हता. शाळा सुटली. वारा सुटला. गाडी सुटली. घाम सुटला. गणित सुटलं. धीर सुटला. तोंडाला पाणी सुटलं. शाळा सुटते तेव्हा संपते आणि वारा सुटतो तेव्हा सुरू होतो, पण आपल्यातलं कुणी कधी अडखळलं का? धरून ठेवलेलं काही मोकळं झालं, एवढं एकच आपल्या मनात असतं. काल रात्री मी ते ‘गो ऑफ’ला लावून बघितलं. बंदुकीचा घोडा अडवलेला असतो, तो सुटतो. घंटा दाबून धरलेली असते, ती सुटते. दूध आपल्या चवीवरून सुटतं, आजी जागेपणातून सुटतात, सातचे आजोबा ठीक असण्यापासून सुटत चालले होते. मी उठून बसले, दिवा लावला आणि वहीत लिहून काढलं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं मी लावलेलं आहे. चुकलं असेल तर कळवा.

वॉर्डात एक निवृत्त मास्तर होते, त्यांना मी वही दाखवली होती. ते म्हणाले, सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदापुढे हे बारके शब्द जोडण्याची रीत परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. एवढ्या मोठ्या माणसाने पावणेतीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आता मला कुणी अर्धवट सांगितलं की मी हातातलं काम थांबवून विचारते, झोपलाय की बिघडलाय? लाज वाटत नाही. गेल्या आठवड्यात केरळची एक मुलगी नवीन आलीय, तिलाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं.

आई, फोटोत मी बारीक दिसते म्हणतेस, तो गणवेशच ढगळ आहे. रात्री एकटी येत नाही, आम्ही तिघी मिळून बसने येतो. देवाचं रोज करते. आणि ‘तिकडे राहून बदललीस’ असं मावशी म्हणत असेल तर म्हणू दे, दोन ड्यूट्यांच्या मध्ये फोन घेतला की माणूस तुटकच बोलतं.

पैसे परवा पाठवले आहेत, चाळीस हजार. त्यातले पंधरा पतसंस्थेच्या हप्त्याचे, बाकीचे चिमीच्या साखरपुड्याला. बाबा, त्यासाठी बागेवर आणखी कर्ज काढू नका, डिसेंबरात मी अजून पाठवते. इस्लामपूरच्या स्थळाचं मी बघितलं. मुलगा चांगला असेल, पण दोन वर्षं तरी मला इथून हलता येणार नाही आणि त्यांना तोवर अडकवून ठेवणं बरं नाही. त्यांना तसं स्पष्ट कळवा. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीचं कसं करता, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, थोरलीनेच करा म्हटलंय म्हणून. चिमीचं माझ्यासाठी थांबवायचं नाही.

साखरपुड्याला मला येता येत नाही. ड्यूटीच्या तक्त्याला इथे ‘ऑफ-ड्यूटी’ म्हणतात, तो लागला. डिसेंबरच्या रजा आधीच भरल्या होत्या. मी तीनदा विचारलं. लग्नाला फेब्रुवारीत दहा दिवस मिळतील, ते लेखी घेतलंय. त्या मदतनीस बाईंना सांगितलं तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, ‘होप इट गोज ऑफ वेल.’ कार्य नीट पार पडू दे, असा त्याचा अर्थ. हा वहीतला शेवटचा.

माझी मोरपंखी पैठणी ट्रंकेत तळाला आहे, किल्ली देव्हाऱ्यामागे. ती चिमीला नेसू दे. त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा फोन कुणाच्या तरी हातात द्या. गौरींना तांब्याला टेकवून ठेवला होतात आणि मला पूर्ण वेळ नुसता पंखा दिसत होता.

तुमची,
थोरली