रविवारी सर्व्हे, सोबतीला माणसं हवीत
मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ला विद्यापीठाची मुलं मिरकरवाडा जेट्टीवर येतायत, आपल्या सुक्या मासळीच्या ट्रेनिंगने बायकांच्या घरात खरंच काय फरक पडला ते मोजायला. दोघांमागे आपलं एक माणूस हवं, नावं शुक्रवारपर्यंत टाका.

- ताई बोलत असताना आपण गप्प बसायचं, तक्रार केली तरी लिहू द्या, तीच सगळ्यात कामाची
- १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून कमाई कुठल्या महिन्याची ते विचारायचंच नाहीतर आकडे फसवतात
- ट्रेनिंगला न आलेल्या घरीही जायचंय, फरक आपल्यामुळे पडला की बाजारभावामुळे ते त्यातूनच कळेल
- परवानगीशिवाय फोटो नको

जुनी हजेरीवही ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणा प्लीज, तिच्याशिवाय आधीचं काहीच सापडणार नाही.